लठ्ठ कण्हेर: अडीचशे वर्षांपूर्वीची एक नोंद आणि माझ्या तीन कुंड्या



लॅब नोटबुकवरचा लेख वाचून दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, आमचा अजून विषयसुद्धा ठरलेला नाही, मग नोंदी ठेवायची घाई आत्ताच कशाला?" प्रश्न रास्त आहे. एम.एस्सी. करताना मीही हेच म्हणायचे. त्याचं उत्तर मला लॅबमध्ये मिळालं नाही. ते मिळालं खोलीच्या गॅलरीत, अडेनियमच्या कुंड्यांमध्ये. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडी बागकाम, दोन्ही सांगते.

अडेनियम तुम्ही नक्की पाहिलं असेल. बुंधा फुगलेला, वर गुळगुळीत जाडसर पानं आणि टोकाला गुलाबी-लाल कर्ण्यासारखी पाच पाकळ्यांची फुलं. नर्सरीत 'डेझर्ट रोज' म्हणून विकतात. माझ्याकडे अशी तीन रोपं होती. दोन पुण्यातल्या एका नर्सरीतून आणलेली आणि तिसरं आईनं सांगलीहून दिलेलं. शेजारच्या काकूंच्या झाडाला शेंगा धरल्या होत्या, त्यातल्या बिया आईनं परडीत रुजवल्या. त्यातलं एक रोप मी पुण्याला येताना मांडीवर घेऊन आणलं.

तिन्ही रोपं बियांपासून वाढलेली, साधारण एका वयाची, एकसारख्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत. मी कुंड्यांवर मार्करनं लिहून ठेवलं: 'न-१', 'न-२', 'आई'. वहीत काही लिहिलं नाही. तीन तर कुंड्या, लक्षात राहील की!

पुढच्या जुलैत पावसानं मार्कर पुसला गेला. त्याच महिन्यात एका रोपाचा बुंधा मऊ पडला, दाबल्यावर बोट आत जायला लागलं आणि चार दिवसांत ते रोप कुजून आडवं झालं. त्याच आठवड्यात आईचा फोन. "माझं रोप कसं आहे गं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण गेलेलं रोप कोणतं, हेच मला माहीत नव्हतं.

आता हा धागा इथेच सोडून आपण १७६१ सालात जाऊ. तिथली गोष्ट कळली की कुंडीची गोष्ट आपोआप कळते.

सहा माणसं, एक परतला

जानेवारी १७६१ मध्ये डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक यानं अरबस्तानात एक शास्त्रीय मोहीम पाठवली. मूळ कल्पना गटिंगनच्या योहान डेव्हिड मिखाएलिस या प्राध्यापकाची. बायबलमध्ये ज्या वनस्पतींचे, प्राण्यांचे, जागांचे उल्लेख येतात, ते प्रत्यक्षात काय आहेत हे त्याला तपासून हवं होतं. मोहिमेत सहा जण होते: भाषांचा अभ्यासक फॉन हावेन, निसर्ग-अभ्यासक पेहर फोर्स्कोल, मोजणी आणि नकाशांचं काम बघणारा कार्स्टन नीबूर, डॉक्टर क्रामर, चित्रकार बाउरनफाइंट आणि त्यांचा मदतनीस बेर्गग्रेन.

आपल्या गोष्टीतला माणूस फोर्स्कोल. जन्म १७३२, हेलसिंकीचा. लिनियसचा विद्यार्थी, आणि स्वभावानं भलताच हट्टी. १७५९ मध्ये त्यानं नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. सरकारनं ती परत गोळा करायला लावली आणि ते काम पडलं विद्यापीठाचा रेक्टर असलेल्या लिनियसवर, म्हणजे त्याच्याच गुरूवर! नंतर फोर्स्कोलनं इजिप्तहून पाठवलेल्या बियांपासून वाढलेल्या एका वनस्पतीला लिनियसनं त्याचं नाव दिलं: 'फोर्स्कोलिया टेनासिसिमा'. दुसऱ्या शब्दाचा अर्थ अतिशय चिवट. कपड्याला चिकटून न सुटणारी ती वनस्पती आहे. नाव झाडाला शोभतं आणि माणसालाही.

इजिप्तमधला मुक्काम आटोपून ही मंडळी १७६२ च्या अखेरीस येमेनला पोचली. किनाऱ्याची तापलेली सपाट पट्टी, तिच्यामागे एकदम उंच जाणारे डोंगर, आणि डोंगरात कॉफीचे मळे. फोर्स्कोल गाढवावरून आणि पायी हा प्रदेश धुंडाळत होता. अंगावर साधा स्थानिक पोशाख आणि तोंडात अरबी भाषा. झाड दिसलं की तो तीन गोष्टी लिहायचा: झाडाचं वर्णन, ते कुठे वाढतं ती जागा आणि लोक त्याला काय म्हणतात ते अरबी नाव. माशांच्या बाबतीतही तसंच. आज शास्त्रात 'अबुडेफडफ' नावाची माशांची एक प्रजाती आहे. तो शब्द फोर्स्कोलनं अरबीतूनच उचललेला आहे.

या भटकंतीत त्याच्या वहीत एका फुगलेल्या बुंध्याच्या झाडाची नोंद झाली. फूल बघून त्यानं ते कण्हेरीच्या गटात टाकलं आणि नाव दिलं 'नेरियम ओबेसम'. नेरियम म्हणजे कण्हेर, ओबेसम म्हणजे लठ्ठ. सरळ मराठीत सांगायचं तर लठ्ठ कण्हेर!

यानंतर सगळं फार लवकर संपलं. २५ मे १७६३ ला फॉन हावेन मोखा बंदरात वारला. सानाच्या वाटेवर, यरीम गावी, ११ जुलै १७६३ ला फोर्स्कोल गेला. वय ३१. त्यांना जो ताप आला होता तो मलेरिया असावा असं आज मानलं जातं, पण डास आणि मलेरियाचा संबंध कळायला अजून शंभरहून जास्त वर्षं लागणार होती. उरलेले चौघे मोखाहून मुंबईला येणाऱ्या जहाजात चढले. बाउरनफाइंट आणि बेर्गग्रेन ऑगस्टच्या शेवटी समुद्रातच गेले. सप्टेंबरमध्ये नीबूर आणि क्रामर मुंबईला उतरले आणि फेब्रुवारी १७६४ मध्ये क्रामरही मुंबईतच वारला.

राहिला एकटा नीबूर. तो वर्षभराहून जास्त काळ मुंबईत होता. घारापुरीला जाऊन त्यानं लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. मिखाएलिसनं मोहिमेसाठी तयार केलेल्या शंभर प्रश्नांचा छापील संच त्याच्या हातात पडला तोही मुंबईत, म्हणजे ज्यांनी उत्तरं शोधायची त्यांपैकी पाच जण गेल्यानंतर. तिथून इराण, इराक, सीरिया करत तो नोव्हेंबर १७६७ मध्ये कोपनहेगनला परतला.

दुसऱ्याच्या वहीतून छापलेलं पुस्तक

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी जरा सावकाश वाचा.

नीबूर वनस्पतींचा जाणकार नव्हता. तो कोनमापक घेऊन अक्षांश काढणारा माणूस. फोर्स्कोलनं गोळा केलेले नमुने पेट्यांमधून कोपनहेगनला आले होते, पण तिथे त्यांची नीट निगा राखली गेली नाही आणि बरेचसे खराब झाले. नीबूरनं मित्राच्या कच्च्या नोंदी, सुट्टे कागद जुळवले आणि १७७५ मध्ये फोर्स्कोलच्या नावानंच दोन पुस्तकं छापली: एक इजिप्त-अरबस्तानच्या वनस्पतींवर, दुसरं प्राण्यांवर. पुढच्या वर्षी चित्रांचं पुस्तक आलं. 'नेरियम ओबेसम' हे नाव जगाला कळलं ते यातल्या वनस्पतींच्या पुस्तकातून, लिहिणारा जाऊन बारा वर्षं झाल्यावर.

पुस्तकात चुका आहेत. लेखकाला पुन्हा नजर टाकायची संधीच मिळाली नाही, तर असणारच. पण ते पुस्तक निघू शकलं, याचं कारण फोर्स्कोलनं झाडाशेजारी जागा लिहिली होती. 'हे मला आठवेल' असं म्हणून त्यानं काही डोक्यात ठेवलं असतं, तर ते यरीमला त्याच्याबरोबरच पुरलं गेलं असतं. विसाव्या शतकात नायजेल हेपर आणि इब फ्रीस या दोन अभ्यासकांनी उरलेले नमुने आणि छापील मजकूर पुन्हा एकेक करून ताडून पाहिला. त्यांचं पुस्तक १९९४ मध्ये क्यूच्या वनस्पती उद्यानानं प्रकाशित केलं. दोनशे वर्षांनंतर कुणीतरी तुमची वही तपासू शकतं, ते असं.

नावाचंही पुढे बरंच झालं. १८१९ मध्ये रोमर आणि शुल्टेस यांनी या झाडाला कण्हेरीतून बाहेर काढून 'अडेनियम' ही वेगळी प्रजाती केली. हे नाव एडन बंदरावरून आलं असं सर्रास लिहिलेलं सापडतं. काही अभ्यासक मात्र ते झाडाच्या अरबी नावाशी जोडतात. पुढे सोकोत्रा बेटापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत त्याचे भाऊबंद सापडत गेले. हे सगळे वेगवेगळ्या जाती की एकाच जातीचे प्रदेशागणिक बदललेले प्रकार, यावर आजही एकमत नाही. गॉर्डन रोली या जाणकारानं ती एकच जात मानून बाकीच्यांना उपजाती म्हटलं. इतर अनेक जण त्यांना स्वतंत्र जाती मानतात. साहित्याचा आढावा लिहिताना दोन पुस्तकांत दोन नावं दिसली की घाबरू नका. दोघं कोणत्या पुराव्यावर बोलतायत ते बघा.

फोर्स्कोल चुकला होता का मग? मला तसं वाटत नाही. कण्हेर, चाफा, सदाफुली, अडेनियम ही सगळी आजही एकाच कुळात आहेत. अडेनियमची जोडीनं येणारी शिंगासारखी शेंग फोडून बघा, आत केसाळ बिया दिसतील, कण्हेरीसारख्याच. युरोपात तर अडेनियमचं कलम कण्हेरीच्या खुंटावर बांधायचे आणि ते जगायचंही. पांढरा चीकही तसाच विषारी, हृदयावर परिणाम करणारा. आफ्रिकेत काही समाज त्यापासून बाणाला लावायचं विष करत. तेव्हा छाटणी करताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा आणि लहान मुलं, मांजरं-कुत्री यांच्यापासून कुंडी लांब ठेवा.

'वाळवंट' या शब्दानं केलेला घोटाळा

आता माझ्या गॅलरीत परत येऊ. रोप कुजल्यावर मी पहिल्यांदा विचार केला की मी नेमकं काय केलं होतं. वहीत काहीच नसल्यामुळे आठवणीवरच भिस्त. जे आठवलं ते असं: 'डेझर्ट' म्हणजे पाणी नको, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी आठवड्याला अर्धा कप पाणी घालत होते. पावसाळ्यात मात्र कुंड्या उघड्यावरच राहिल्या, खाली ताटल्या तशाच. माती नर्सरीची चिकट लाल. पानं भरपूर यावीत म्हणून युरियाचे चार दाणे. गॅलरी उत्तरेकडची. दोन वर्षांत एकही कळी नाही.

आणि मग फोर्स्कोल ज्या भागात फिरला, तिथला पाऊस वाचला. पश्चिम येमेनचे डोंगरउतार म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. तिथे वसंतात आणि उन्हाळ्यात पाऊस पडतो. सर येते, खडकाळ उतारावरून पाणी वाहून जातं, लगेच ऊन पडतं. झाडाला गरमीत पाणी मिळतं, पण मुळाशी साचत नाही. त्याचा आळशी काळ म्हणजे कोरडा आणि थंड महिना. म्हणजे मी सगळं बरोबर उलटं केलं होतं! झाड वाढीला लागलं तेव्हा तहानलेलं ठेवलं, आणि पुण्याच्या ढगाळ जुलैत, ऊन नसताना, दिवसरात्र भिजवलं.

यात झाडाचं काही चुकलं नव्हतं. मी नमुन्याऐवजी लेबलवर विश्वास ठेवला होता.

त्या दिवशी शंभर पानी वही घेतली. उरलेल्या दोन रोपांना 'अ' आणि 'ब' नावं दिली, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्यावर खिळ्यानं अक्षरं कोरली आणि तारेनं कुंडीला बांधली. मग एकेक बदल, तारीख टाकून.

पहिला बदल मातीचा. जाडी वाळू, विटांचा चुरा, थोडं गांडूळखत, थोडी माती. पसरट मातीची कुंडी, खाली मोठी भोकं, ताटली बंद. कुंडी बदलताना तुटलेली मुळं सुकावीत म्हणून चार-पाच दिवस पाणी दिलं नाही. बुंधा दरवेळी मातीतून थोडा वर उचलून लावला की तो फुगीर भाग दिसायला लागतो.

दुसरा बदल उन्हाचा. एका रविवारी दर अर्ध्या तासानं बघून नोंद केली: गॅलरीत थेट ऊन दोन तास, गच्चीवर सात तास. घरमालकांना विचारून नोव्हेंबरमध्ये दोन्ही कुंड्या गच्चीवर नेल्या. फुलं न येण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच असतं. निदान सहा तास ऊन नसेल तर बाकीचे उपाय करून काही उपयोग नाही.

तिसरा बदल पाण्याचा. थंडीत पानं गळायला लागल्यावर पाणी अगदी कमी. फेब्रुवारीत नवी पालवी दिसल्यावर पुन्हा सुरू: भोकांतून वाहेपर्यंत द्यायचं, मग वरची माती पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. मेमध्ये हे दोन-तीन दिवसांत वाळतं. पावसाळ्यात पत्र्याखाली.

चौथा खताचा. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कळ्या राहून जातात. युरिया बंद केला आणि पालाश जास्त असलेलं खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात, वाढीच्या दिवसांत पंधरवड्याला एकदा सुरू केलं.

पाचवा छाटणीचा. अडेनियमला फूल येतं ते फांदीच्या शेंड्याला. शेंडे जास्त, तर फुलांच्या जागा जास्त. पण मला फरक बघायचा होता, म्हणून फेब्रुवारीत फक्त 'ब' छाटलं, 'अ' तसंच ठेवलं. 'अ' ला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन शेंड्यांवर फुलं आली. 'ब' ला मेच्या मध्यापर्यंत काहीच नाही आणि नंतर सात शेंड्यांवर एकदम. छाटणीनं उशीर झाला, पण फुलं वाढली. दोन कुंड्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो हे मला माहीत आहे, सरांनीही हसत तेच सांगितलं. पण निदान पुढच्या वर्षी काय तपासायचं ते कळलं. एक सूचना मात्र लगेच देते: कण्हेरीवर येणारी जाडजूड हिरवी अळी अडेनियमवरही येते आणि दोन रात्रींत झाड बोडकं करते. पानाखाली बघत जा.

जे वहीतूनही परत मिळालं नाही

फुलं आली तेव्हा मला वाटलं होतं की आता आईचं रोप कोणतं ते कळेल. काकूंचं झाड गुलाबी फुलांचं होतं. माझ्याकडे 'अ' फिकट गुलाबी फुललं आणि 'ब' गडद गुलाबी, मध्ये पांढरं. कळलं काहीच नाही. कारण बियांपासून आलेलं अडेनियम आईझाडासारखंच फुलेल याची खात्री नसते. म्हणून तर हव्या त्या रंगासाठी कलम करतात. थायलंड-तैवानमध्ये निवड आणि संकर करून जे असंख्य प्रकार निघाले, अनेक पदरी पाकळ्यांचे, काठ असलेले, त्यांतल्या कितीतरी प्रकारांचे मूळ आई-बाप आज कुणालाच सांगता येत नाहीत. कारण तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही. माझी चूक तीच, फक्त आकारानं लहान.

पुढच्या कितीही चांगल्या नोंदी आधीच्या एका न केलेल्या नोंदीची भरपाई करत नाहीत. 'अ' आणि 'ब' बद्दल मी आता तारखेसह पन्नास गोष्टी सांगू शकते, पण ती कुठून आली ही पहिलीच ओळ कोरी आहे. तुमच्या फ्रीझरमधल्या ट्यूबवर, फील्डवरच्या पिशवीवर, मुलाखतीच्या ऑडिओ फाइलवर ही पहिली ओळ असायला हवी: काय, कुठून, कधी, कुणी. 'विषय ठरल्यावर लिहू' म्हणालात तर ती ओळ कोरीच राहील. आणि लिहायची अशी की तुम्ही नसताना, तुमचा विषय न शिकलेल्या माणसालाही वाचता आली पाहिजे. फोर्स्कोलच्या नशिबानं त्याला नीबूर मिळाला. नीबूरच्या नशिबानं फोर्स्कोलनं जागा लिहिल्या होत्या.

आईला शेवटी खरं सांगितलं. तीनपैकी एक गेलं, कोणतं ते माहीत नाही, उरलेल्या दोनांत तुझं असण्याची शक्यता तीनात दोन. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग दोन्हींना नीट पाणी घाल."

घालते आहे. या वर्षी 'अ' ची फेब्रुवारीत छाटणी आणि 'ब' तसंच, म्हणजे उलटापालट. काय होतं ते जूनमध्ये कळवेन. तोवर तुमच्या टेबलावर बिननावाचं काही पडलं असेल, तर आज झोपायच्या आधी त्यावर चार शब्द लिहून टाका. शक्यतो मार्करनं नको.